‘क्रोम आजच काढा’ म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला माझं उत्तर

गेले पंधरा दिवस एक मेसेज सोलापुरातल्या ग्रुपांमध्ये फिरतोय, बचत गटाच्या ग्रुपात आला, सोसायटीच्या ग्रुपात आला, आमच्या दुकानदारांच्या ग्रुपात तर तीनदा आला. मजकूर थोडक्यात असा: "क्रोम तुमची माहिती चोरतं, आजच डिलीट करा. खालच्या लिंकवरून हे १०० टक्के सेफ ब्राउझर टाका. तोपर्यंत बँकेचं काम इनकॉग्निटोत करा, कोणालाच काही दिसत नाही. ॲड्रेसशेजारी कुलूप दिसलं म्हणजे साइट खरी. ज्यांच्याकडे लपवायला काही नाही त्यांनी टेन्शन घेऊ नये."

सात रस्त्याजवळ माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं छोटं दुकान आहे, चार कॉम्प्युटर आहेत, त्यामुळे दिवसभर लोकांचे फोन आणि ब्राउझर हातात येतात. मेसेजात थोडं खरं आहे, म्हणूनच तो लै लोकांना पटतोय, आणि म्हणूनच मला एकेक मुद्दा घेऊन लिहावंसं वाटलं.

आधी एक गोष्ट. दाराला कडी लावणं वेगळं आणि खिडकीला पडदा लावणं वेगळं. चोर आत येऊ नये म्हणून कडी, शेजाऱ्यानं आत काय चाललंय ते बघू नये म्हणून पडदा. ब्राउझरची सिक्युरिटी म्हणजे कडी आणि प्रायव्हसी म्हणजे पडदा. मेसेज लिहिणाऱ्यानं दोन्ही एकच धरलंय आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

"क्रोम माहिती चोरतं." पडद्याचं म्हणाल तर तक्रारीत दम आहे. गुगलचा मुख्य धंदा जाहिरातींचा, आणि तुम्ही क्रोममध्ये गुगल अकाउंटनं लॉगिन राहून सिंक (फोन-कॉम्प्युटरवरची माहिती अकाउंटमध्ये जुळवून ठेवायची सोय) चालू ठेवलं की हिस्ट्री त्यांच्याकडे साठते. एका साइटवरून दुसऱ्या साइटवर तुमचा माग काढणाऱ्या ज्या थर्ड पार्टी कुकीज (ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी) असतात त्या सफारीनं २०२० पासून स्वतःहूनच बंद ठेवल्यात, फायरफॉक्सनं २०२२ मध्ये प्रत्येक साइटच्या कुकीज वेगळ्या डब्यात ठेवायची सोय सगळ्यांना चालू करून दिली, आणि गुगलनं २०२० मध्ये आम्ही पण बंद करू म्हणून सांगितलं आणि २०२४ मध्ये तो बेत सोडून दिला. हे मला चुकीचंच वाटतं, त्यात लपवायचं काय.

पण कडी बघा. क्रोम प्रत्येक साइटला वेगळ्या कप्प्यात चालवतं, म्हणजे एका टॅबमधली वाईट साइट दुसऱ्या टॅबमधल्या बँकेपर्यंत सहज पोचू नये, डेस्कटॉपवर ही सोय २०१८ मध्येच सगळ्यांना मिळाली. सिक्युरिटीचे अपडेट २०२३ पासून दर आठवड्याला येतात. याला चोर म्हणून काढायचं आणि त्याच्या जागी कुठून आलं माहीत नाही असलं काहीतरी बसवायचं, हे म्हणजे पडदा पातळ आहे म्हणून दारच काढून टाकल्यासारखं झालं. आणि अँड्रॉइडवर क्रोम बहुतेक फोनमध्ये डिलीट होतच नाही, फक्त डिसेबल होतं.

आता सगळ्यात घातक ओळ, "खालच्या लिंकवरून टाका." माझ्या मावशीचा घरगुती शेंगा चटणी आणि कडक भाकरीचा धंदा आहे, ऑर्डरी सगळ्या व्हॉट्सॲपवर. तिनं मेसेज वाचून ते ब्राउझर टाकलं, प्ले स्टोअरवरून नाही, लिंकवरून एपीके फाइल, म्हणजे ॲप थेट टाकायची फाइल, उतरवून, फोननं वॉर्निंग दिली तरी ओके ओके करत. दुसऱ्या दिवशी दुकानात आली, म्हणाली "अरे बाळा, फोन लई गरम होतोय रे, आणि सारख्या जाहिराती येतायत." बघतो तर त्या ब्राउझरनं एसएमएस वाचायची परवानगी घेतलेली. मला सांगा, ब्राउझरला तुमचे एसएमएस कशाला पाहिजेत? ओटीपी तिथंच येतो ना! ते ॲप काढलं, बँकेला फोन लावून यूपीआय तात्पुरतं बंद करून घेतलं, दुसऱ्या फोनवरून पासवर्ड बदलले. नशीब, पैसे गेले नव्हते. गेले असते तर पहिला फोन १९३० ला, तो सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे, आणि जितक्या लवकर लावाल तितकी पैसे अडकवून धरायची शक्यता जास्त.

"१०० टक्के सेफ" असं तर कुठलंच ब्राउझर नसतं, नावाजलेलं सुद्धा. यूसी ब्राउझर आठवतंय ना, एकेकाळी इथं दर दुसऱ्या फोनमध्ये असायचं कारण नेट कमी खायचं. कॅनडातल्या सिटिझन लॅब या संशोधन संस्थेनं २०१५ मध्ये दाखवून दिलं की ते वापरणाऱ्याची आणि फोनची माहिती नीट न झाकता बाहेर पाठवतंय, आणि जून २०२० मध्ये आपल्या सरकारनं ज्या ५९ ॲपवर बंदी घातली त्यात ते होतं. प्रायव्हसीचं नाव घेऊन उभ्या राहिलेल्या ब्रेव्हनं २०२० मध्ये काही क्रिप्टो साइटचा पत्ता टाइप केला की आपला कमिशनचा कोड गुपचूप जोडला होता, लोकांनी पकडल्यावर माफी मागितली. डकडकगोच्या ब्राउझरमध्ये २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टचे काही ट्रॅकर, म्हणजे माग काढणारे कोड, चालू दिले जात होते ते एका संशोधकानं उघड केलं, मग त्यांनी दुरुस्त केलं. आणि अव्हास्ट, जी अँटीव्हायरस बनवते, म्हणजे ज्यांच्याकडे लोक संरक्षणासाठी जातात, त्यांनी एक्स्टेंशनमधून (ब्राउझरला जोडायचं छोटं जादा ॲप) लोकांची ब्राउझिंगची माहिती गोळा करून विकली म्हणून अमेरिकेच्या एफटीसीनं, म्हणजे तिथल्या ग्राहक संरक्षणाच्या सरकारी संस्थेनं, २०२४ मध्ये १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. ब्रेव्ह वापरू नका असं मी म्हणत नाहीये, जाहिराती अडवायला ते चांगलं आहे. पण १०० टक्क्याची गॅरंटी देणारा माणूस एकतर काही वाचत नाही नाहीतर तुम्हाला काहीतरी विकतोय.

ज्या गोष्टीचा मेसेजात एक शब्द नाही ती माझ्या मते सगळ्यात मोठी, अपडेट. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी नावाच्या फोटोच्या फॉरमॅटमध्ये एक भोक सापडलं, नुसता फोटो उघडला तरी हल्ला होऊ शकेल असं, आणि तो कोड क्रोम, फायरफॉक्स, एज, ब्रेव्ह सगळ्यांच्यात होता. सगळ्यांनी एक-दोन दिवसांत दुरुस्ती पाठवली. ज्यानं अपडेट केलं तो वाचला, ब्राउझर कुठलंही असो, आणि ज्यानं नाही केलं तो उघडा, ब्राउझर कुठलंही असो! आमच्याकडे अजून कितीतरी दुकानांत, टॉवेलच्या कारखान्यांच्या ऑफिसात विंडोज ७ चालतंय, त्यावर टॅली, त्याच्यावरच जीएसटी, त्याच्यावरच बँक. त्यावर क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, जानेवारी २०२३ ची, त्यानंतर काही नाही. फोनचं पण तसंच, अँड्रॉइड ८ आणि ९ वर क्रोम १३८ नंतर पुढं जात नाही. लूमवर काम करणारी पोरं भावाचा जुना फोन वापरतात, त्यांच्यासाठी खरा धोका हा आहे, क्रोम की ब्रेव्ह हा प्रश्न त्याच्या लै नंतर येतो.

इनकॉग्निटो. हे तुमच्याच मशीनवर हिस्ट्री आणि कुकीज ठेवत नाही, बस्स, तेवढंच. नेट देणारी कंपनी, ऑफिसचं नेटवर्क, ती साइट, सगळ्यांना तुम्ही दिसता. याच गैरसमजावरून गुगलवर २०२० मध्ये अमेरिकेत खटला झाला आणि २०२४ मध्ये तडजोडीत त्यांनी अब्जावधी नोंदी पुसायचं मान्य केलं, इनकॉग्निटो उघडल्यावर येणारा मजकूरही बदलला. माझ्यासारख्याच्या दुकानात, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर, इनकॉग्निटो जरूर वापरा, कारण लोक डिजीलॉकर लॉगिन तसंच सोडून जातात आणि पुढच्या गिऱ्हाइकाला समोर आधार कार्ड दिसतं, मी स्वतः कितीदा लॉगआउट केलंय. पण मशीनमध्येच व्हायरस असेल तर इनकॉग्निटोचा काडीचा उपयोग नाही, म्हणून बँकेचं काम माझ्या दुकानात सुद्धा करू नका, स्वतःच्या फोनवर करा.

कुलपाचं एका ओळीत होतं: कुलूप म्हणजे तुम्ही आणि साइटमधलं बोलणं वाटेत कोणी ऐकत नाही, पलीकडचा माणूस प्रामाणिक आहे असं नाही. कुलूप दिसायला लागणारं सर्टिफिकेट फुकट मिळतं, "आज रात्री लाईट कट होईल" म्हणून येणाऱ्या खोट्या बिलाच्या साइटलाही मिळतं. हाच गैरसमज मोडावा म्हणून क्रोमनं २०२३ मध्ये ते चिन्हच काढून टाकलं. पत्त्यातलं नाव अक्षर न अक्षर वाचा.

मग वापरायचं काय, असं मावशीनंही विचारलं. माझ्या दुकानात रोजच्या कामाला फायरफॉक्स आहे, त्यात जाहिराती आणि ट्रॅकर अडवणारं यूब्लॉक ओरिजिन हे एकच एक्स्टेंशन, बंद केलं की सगळं पुसलं जाईल अशी सेटिंग. ही एक्स्टेंशन अँड्रॉइडच्या फायरफॉक्समध्ये पण चालते, क्रोमनं मात्र नियम बदलून तिचं पूर्ण रूप बंद केलं. फायरफॉक्सचा खर्च तरी कुठून चालतो, तर मोठा भाग गुगलच सर्चसाठी देतं ते पैसे, हेही सांगायला पाहिजे. घरी बँकेसाठी मी वेगळं ब्राउझर ठेवलंय, त्यात एकही एक्स्टेंशन नाही, कारण एक्स्टेंशनला तुमच्या पानावरचं सगळं वाचता येतं. मावशीच्या फोनवर क्रोमच ठेवलं, अपडेट ऑटोमॅटिक केले, सिंक बंद केलं, थर्ड पार्टी कुकीज सेटिंगमधून बंद केल्या आणि साइटच्या नोटिफिकेशन सगळ्या उडवल्या. तिला नवीन काही शिकायला लागलं नाही, जे वापरता येतं तेच घट्ट केलं.

राहिलं "लपवायला काही नाही". मावशी हेच म्हणाली होती, "माझ्याकडं काय आहे रे, चटणीचा हिशोब." मी तिची ऑर्डरची यादी तिलाच वाचून दाखवली, जुळे सोलापूर, होटगी रोड, पुण्यातली गिऱ्हाइकं, प्रत्येकाचं नाव, मोबाईल नंबर, घराचा पत्ता, कोण कुठल्या दिवशी घरी असतं ते सुद्धा. दोनशे घरांची माहिती त्या एका फोनमध्ये होती. ती गप्प बसली, मग म्हणाली, "या लोकांनी मला विश्वासानं दिलंय हे."