गॅरेजच्या शटरला फॉइल चिकटवण्याचा मेसेज: खुलासा

"शटरला आतून फॉइलची शीट चिकटवा, गॅरेज एसीसारखं थंड होतं. नागपूर असो की रत्नागिरी, उपाय एकच," असा मेसेज नागपूरच्या कॉलनी-ग्रुपवर फिरतोय. तो दिशाभूल करणारा आहे.

फॉइलची चकचकीत बाजू गॅरेजच्या आतल्या मोकळ्या हवेकडे असेल तर तापलेल्या पत्र्याची धग आत कमी येते, एवढं खरं. पण इन्सुलेशन गारवा तयार करत नाही, उष्णता फक्त उशिरा आत येऊ देतं. त्यात आपल्याकडे बहुतेक गुंडाळायची शटरं. वर गुंडाळताना पट्ट्या एकमेकींवर घासतात, शीटच्या कडा सुटतात आणि फाटका तुकडा बाजूच्या पट्टीत अडकून शटर अर्ध्यावर थांबतं. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो. पश्चिमेकडच्या शटरला बाहेरून पांढरा रंग आणि समोर ग्रीन नेट लावा, म्हणजे ऊन पत्र्यावर पडण्याआधीच अडेल.

रत्नागिरी-अलिबागचं गणित वेगळं. तिथे दिवसाचं तापमान वर्षभर साधारण तिशीच्या आसपास, म्हणून जाड इन्सुलेशनवरचा खर्च फारसा वसूल होत नाही. खरा त्रास दमट, खाऱ्या हवेचा. चिकटवलेल्या शीटमागे ओल साचते आणि पत्रा आतून गंजतो, दिसतही नाही. ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंचं इन्सुलेशन, ओल धरून ठेवतं. दार सपाट असेल तर पाणी न शोषणारा बंद छिद्रांचा फोम, गंजरोधक रंग, खाली रबरी पट्टी आणि हवेला वाट पुरेशी आहे.

कोकणात घर बांधणाऱ्या नातेवाइकांना तो मेसेज कृपया पाठवू नका. पाठवला असेल तर हा खुलासा त्याच ग्रुपवर टाका.