ब्लॉगला वर्गणी लावताय? आधी गळतीचं गणित मांडा

ब्लॉगवर सशुल्क मजकूर सुरू करायचा म्हटलं की बहुतेक लेखक आधी प्लगइन (ब्लॉगला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) कोणतं घ्यायचं ते विचारतात, मग किंमत किती ठेवायची ते, आणि मग नवे वाचक कुठून आणायचे ते. माझं ठाम मत असं की हे तिन्ही प्रश्न नंतरचे आहेत. आलेले वर्गणीदार टिकणार कसे, हे आधी ठरवायला हवं.

समजा दर महिन्याला 5 टक्के वर्गणीदार सोडून जातात. ऐकायला आकडा किरकोळ वाटतो. पण आज आलेल्या 100 जणांपैकी वर्षभरानंतर 54 उरतात. गळती 10 टक्के असेल तर 28 आणि 3 टक्के असेल तर 69. याच्या पुढचं गणित फार कमी जण मांडतात. महिन्याला 20 नवे येतात आणि 5 टक्के जातात, तर तुमची संख्या 400 च्या आसपास जाऊन थांबणार, कारण 400 चे 5 टक्के म्हणजे 20, म्हणजे जितके आले तितकेच गेले. पुढे कितीही वर्षं लिहीत राहिलात तरी ती हलणार नाही. गळती 3 टक्क्यांवर आणली, तर महिन्याला तेच 20 नवे वाचक येऊनही मर्यादा 660 च्या पुढे जाते. म्हणून काय विकायचं, कुलूप कुठे लावायचं, पैसे कसे घ्यायचे हे सगळं ‘हा माणूस पुढच्या महिन्यात का थांबेल?’ या एकाच प्रश्नावरून ठरवावं.

आता विकायचं काय? इथे माझं मत अनेकांना उलटं वाटेल: तुमचा सगळ्यात चांगला लेख मोफतच ठेवा. तो लोक एकमेकांना पाठवतात, त्यावरून तुमची ओळख होते, आणि एकदा वाचून झाला की त्यासाठी पुन्हा पैसे द्यायचं कुणालाच कारण उरत नाही. वर्गणी त्या गोष्टीला लावा जी वाचकाला पुन्हा पुन्हा लागते: दर महिन्याला ताजा होणारा तक्ता, कामात थेट वापरता येणारे नमुने, एखाद्या क्षेत्रातल्या घडामोडींचं ठरल्या दिवशी येणारं विश्लेषण, प्रश्न विचारून नेमकं उत्तर मिळण्याची सोय. बेन थॉम्पसन यांच्या ‘स्ट्रॅटेकरी’ या तंत्रज्ञान-व्यवसायावरच्या ब्लॉगची रचना अशीच आहे. आठवड्याचा मोठा लेख सगळ्यांना खुला, आणि आठवड्यात अनेकदा येणारी टिपणं फक्त वर्गणीदारांना. मोफत लेखातून लेखकाची विचार करण्याची पद्धत कळते आणि ती आपल्याला नियमित हवी आहे असं ज्याला वाटतं, तो पैसे देतो.

सुट्या लेखाला थोडेसे पैसे लावायची कल्पना दर काही वर्षांनी नव्याने निघते. नेदरलँड्समधल्या ‘ब्लेंडल’ने 2014 पासून हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला, नामांकित वृत्तपत्रांचे लेख सुटे विकले, आणि 2019 मध्ये तो मार्ग सोडून वर्गणीकडे वळले. प्रत्येक लेखापाशी ‘घेऊ की नको?’ हा निर्णय घ्यायला लावणं वाचकाला थकवतं. वर्गणीत तो निर्णय एकदाच होतो.

तुमचा ब्लॉग वर्गणीला तयार आहे का, हे पाहताना एकूण वाचनसंख्या बाजूला ठेवा. शोधयंत्रातून येऊन एक उत्तर घेऊन निघून जाणारे लाखभर लोक वर्गणीच्या हिशेबात जवळजवळ शून्य असतात. आपणहून परत येणारे किती आणि ईमेल यादीत किती, एवढंच बघा. नियोजनासाठी यादीतले 2 ते 3 टक्के लोक पैसे देतील असं धरा. म्हणजे 300 वर्गणीदार हवे असतील तर 10 ते 15 हजारांची यादी लागेल. त्याहून जास्त आले तर आनंदच, पण आधीच 10 टक्के धरून नोकरी सोडू नका. यादी जिवंत आहे का हे ‘किती ईमेल उघडले’ या आकड्यावरूनही ठरवू नका. सप्टेंबर 2021 मध्ये ॲपलने मेलमध्ये गोपनीयतेची जी सोय आणली, तिच्यामुळे माणसाने न उघडलेला ईमेलही उघडल्याची नोंद होऊ शकते. किती जणांनी दुव्यावर क्लिक केलं आणि किती जणांनी उलट उत्तर लिहिलं, हे खरे निकष.

यंत्रणा उभारण्याआधी विक्री करून पाहा. एक पान लिहा: काय मिळेल, आठवड्याच्या कोणत्या दिवशी मिळेल, वर्षाचे किती पैसे, आणि ठरावीक संख्या न भरल्यास पैसे परत. हे पान यादीला पाठवा, 2 आठवडे थांबा. लोक ‘छान कल्पना’ म्हणतील त्याला अर्थ नाही, पैसे भरतील त्याला आहे. संख्या भरली नाही तर सगळ्यांचे पैसे त्याच आठवड्यात परत करा आणि देऊ केलेली गोष्ट बदला. किंमत बदलून सहसा काही होत नाही.

किंमत फार कमी ठेवणं ही भिडस्त लेखकांची नेहमीची चूक. व्यवहार शुल्कात टक्केवारीखेरीज एक ठरावीक रक्कमही असते आणि छोट्या रकमेला तीच खाते. ‘स्ट्राइप’ या कार्डाने पैसे जमा करून देणाऱ्या सेवेचा अमेरिकेतला प्रचलित दर घ्या: 2.9 टक्के अधिक 30 सेंट. 1 डॉलरच्या वर्गणीत जवळजवळ एक तृतीयांश तिथेच गेला. 5 डॉलरला सुमारे 9 टक्के जातात, 50 डॉलरच्या वार्षिक वर्गणीला साडेतीन. वर ‘सबस्टॅक’सारख्या, वर्गणीवर लेखन चालवून देणाऱ्या सेवेचे 10 टक्के धरले, तर महिना 5 डॉलरमधले जवळपास 19 टक्के तुमच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. वार्षिक 50 मध्ये हेच प्रमाण साडेतेरा.

वार्षिक वर्गणी 10 महिन्यांच्या किमतीत द्यायला लोक कचरतात, 2 महिने फुकट गेले म्हणतात. पण 5 टक्के गळती असेल तर मासिक वर्गणीदार पहिल्या वर्षात सरासरी 9.2 हप्तेच भरतो. वार्षिक वाचकाकडून तुम्हाला 10 हप्त्यांचे पैसे आधीच मिळाले, शिवाय वर्षात 12 वेळा कार्ड नाकारलं जाण्याची धास्ती गेली. म्हणून नोंदणीच्या पानावर वार्षिक पर्याय आधी दिसू द्या. किंमत पुढे वाढवलीत तर जुन्या वर्गणीदारांना जुन्याच दराने राहू द्या. सुरुवातीला विश्वास त्यांनी ठेवला होता.

सेवा निवडताना एकच गोष्ट जिवाच्या आकांताने तपासा: उद्या बाहेर पडायचं ठरवलं तर काय सोबत नेता येईल? ईमेल यादी, सगळे लेख, आणि मुख्य म्हणजे चालू वर्गण्यांचं पेमेंट खातं, जिथे वाचकांच्या कार्डांवरून पैसे जमा होतात. पेमेंट खातं तुमच्या नावावर असेल तर वर्गण्या न तोडता दुसरीकडे जाता येतं. सेवेच्या नावावर असेल तर प्रत्येक वाचकाला पुन्हा कार्ड भरायला सांगावं लागतं, आणि त्यात बरेच जण गळतात. ‘घोस्ट’ हे ब्लॉग चालवण्याचं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वर्गणीवर कमिशन घेत नाही, पण ते चालवण्याचा किंवा होस्टिंगचा खर्च दरमहा ठरलेला असतो. त्यामुळे अगदी थोडे वर्गणीदार असताना टक्केवारीवाली सेवा स्वस्त पडते, संख्या वाढली की ठरावीक खर्चाची. वाचक अनेक देशांत असतील तर कर विसरू नका. युरोपीय संघात 1 जानेवारी 2015 पासून डिजिटल सेवांवरचा मूल्यवर्धित कर ग्राहकाच्या देशाच्या दराने लागतो. ‘पॅडल’सारख्या सेवा कायद्याने स्वतः विक्रेता बनून हा भार उचलतात, शुल्क त्या मानाने जास्त घेतात. एकट्या लेखकाला ते परवडतं असं मला वाटतं.

आता कुलूप. वृत्तपत्रांकडे पाहून ‘महिन्याला इतके लेख मोफत’ अशी मोजणी लावायचा मोह होतो. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मार्च 2011 मध्ये 20 लेखांची मर्यादा ठेवली आणि पुढच्या वर्षी ती 10 वर आणली. तिथे रोज ढीगभर मजकूर येतो म्हणून ते चालतं. आठवड्याला 2 लेख येणाऱ्या ब्लॉगवर वाचक त्या मर्यादेपर्यंत पोहोचतच नाही, आणि पोहोचलाच तर ब्राउझरची खाजगी खिडकी उघडून पुढे जातो. लहान ब्लॉगने लेखानुसार कुलूप लावावं. काही लेख पूर्ण खुले, काही अर्धे. अर्ध्या लेखात प्रश्न नीट मांडलेला असावा, निदान एक उपयोगाचा मुद्दा पूर्ण मिळालेला असावा आणि मग कुलूप यावं. वाक्याच्या मध्यात पडदा पाडला की वाचक चिडून निघून जातो. आधी मोफत असलेले जुने लेख तर कधीच बंद करू नका. त्यांना बाहेरून मिळालेले दुवे आणि लोकांचा भरवसा दोन्ही त्या दिवशी जातात.

कुलूप लावलं तरी मजकूर किती ठिकाणांहून निसटतो, याची कल्पना बहुतेकांना नसते. काही स्वस्त प्लगइन मजकूर पूर्ण पाठवून वर नुसता पडदा टाकतात. ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट बंद केलं की सगळं दिसतं. मजकूर सर्व्हरवरच अडवला गेला पाहिजे. मग आरएसएस फीड, म्हणजे नवे लेख वाचकाच्या ॲपमध्ये आपोआप पोहोचवणारी यादी: पानावर कुलूप, फीडमध्ये पूर्ण लेख, असं सर्रास घडतं. वर्डप्रेस या ब्लॉग चालवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये रेस्ट एपीआय, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरला मजकूर पुरवणारी सोय, हा आणखी एक मागचा दरवाजा. पीडीएफ आणि एक्सेल फाइली तर अपलोडच्या फोल्डरमध्ये उघड्या पडलेल्या असतात, थेट पत्ता माहीत असेल तर कुणीही उतरवून घेतो. त्यांना काही वेळात बाद होणारे दुवे द्यावे लागतात. सगळ्यात फसवी भानगड कॅशेची, म्हणजे पान लवकर उघडावं म्हणून साठवून ठेवलेल्या प्रतीची. वर्गणीदाराने उघडलेलं पान कॅशेत साठतं आणि पुढच्या अनोळखी वाचकाला तेच पूर्ण पान मिळतं. उलटही होतं: पैसे भरून आलेल्या माणसाला कुलूपच दिसत राहतं आणि तो संतापून ईमेल लिहितो. लॉगिन केलेल्यांना कॅशेतून वगळणं हा उपाय, आणि होस्टिंगच्या पातळीवर वेगळी कॅशे असेल तर तिथेही तेच. दर अपडेटनंतर लॉगिन न करता लेखाचं पान, फीडचा पत्ता आणि एका पीडीएफचा दुवा असं तीन ठिकाणी तपासून पाहा.

गूगलच्या शोधयंत्राला पूर्ण लेख आणि माणसाला अर्धा दाखवत असाल, तर पानाच्या संरचित डेटामध्ये (शोधयंत्रासाठी पानात लपवून दिलेली माहिती) ‘इजअ‍ॅक्सेसिबलफॉरफ्री’ ही खूण ‘फॉल्स’ ठेवून बंद भाग कोणता ते सांगावं लागतं. नाहीतर ही फसवणूक समजली जाऊ शकते.

वर्गणीदाराने लेख मित्राला पाठवला तर मात्र कपाळाला आठ्या घालू नका. तो तुमची शिफारस करतोय. एकाच खात्यावर पंधरा माणसं वाचताहेत असं दिसलं तरच बोला.

गळतीकडे परत येतो, कारण तिचा एक मोठा भाग वाचकाच्या मनात नसताना होतो. कार्डची मुदत संपते, खात्यात त्या दिवशी शिल्लक नसते, बँक व्यवहार अडवते. अशा वाचकाला जायचं नव्हतंच. त्यासाठी मुदत संपण्याच्या महिनाभर आधी एक ईमेल जाऊ द्या. व्यवहार फसल्यावर 2 आठवड्यांत वेगवेगळ्या दिवशी 3-4 वेळा पुन्हा प्रयत्न होऊ द्या. ईमेलमधला दुवा थेट कार्ड बदलण्याच्या पानावर नेणारा असावा, पासवर्ड आठवायला लावणारा नको. आणि तोवर वाचन चालू ठेवा. पहिल्याच दिवशी दार लावलं की माणूस ‘जाऊ दे’ म्हणतो.

बँकेच्या पत्रकात काय नाव दिसतं हेही पाहा. ब्लॉगचं नाव एक आणि पत्रकात तुमच्या कंपनीचं अनोळखी नाव असेल, तर वाचक फसवणूक समजून बँकेकडे तक्रार करतो. मग रक्कम जातेच, वर वेगळं शुल्कही बसतं. वार्षिक नूतनीकरणाच्या आठवडाभर आधी आठवण पाठवा. काही जण त्यामुळे सोडून जातील, ते गेलेले बरे. सोडण्याचं बटण खात्याच्या पानावर उघड असू द्या, भरलेल्या मुदतीपर्यंत वाचन चालू ठेवा, जाताना एकच प्रश्न विचारा आणि 2-3 महिने थांबवण्याचा पर्याय द्या. सहज जाता आलेला माणूस सहज परतही येतो.

पैसे घेऊन ईमेल पाठवायचा आणि तो स्पॅममध्ये पडायचा, हा प्रकार टाळायला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या, ईमेल खरंच तुमच्याकडूनच आला हे पटवणाऱ्या तिन्ही नोंदी आपल्या डोमेनवर करून घ्या. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला 5,000 हून जास्त ईमेल पाठवणाऱ्यांना फेब्रुवारी 2024 पासून जीमेलने त्या सक्तीच्या केल्या आहेत. लहान यादीलाही त्या हव्यातच.

एक शेवटचं, जे सुरुवातीलाच ठरवून टाकावं. वार्षिक वर्गणीचे पैसे आले त्या दिवशी ते तुमचे झालेले नसतात. 12 महिन्यांचं लिखाण अजून द्यायचं असतं. दर महिन्याला बारावा हिस्सा कमाईत घ्या, उरलेली रक्कम वेगळ्या खात्यात राहू द्या. आजारपण आलं, विषय संपला, ब्लॉग बंद करावा लागला, तर नवी नोंदणी आणि सगळ्यांची आपोआप होणारी नूतनीकरणं त्याच दिवशी थांबवा, प्रत्येकाला उरलेल्या महिन्यांचे पैसे त्या खात्यातून परत करा आणि जुने सशुल्क लेख वर्गणीदारांना उतरवून घेता येतील असे निदान 3 महिने उघडे ठेवा.