पाण्यावर गाडी? आधी मागची वायर कुठे जाते ते बघा

गेल्या पंधरा दिवसांत एकच व्हिडिओ मला सात जणांनी पाठवला. एक माणूस मोटारसायकलला बांधलेल्या बरणीत बाटलीभर पाणी ओततो, किक मारतो आणि गाडी फुर्रकन सुरू होते. खाली मजकूर: ‘एक लिटर पाण्यात शंभर किलोमीटर. जपानने ही गाडी केव्हाच काढली. अमेरिकेत स्टॅन्ली मेयरने काढली, तर तेल कंपन्यांनी त्याला विष देऊन मारलं. गडकरी साहेब स्वतः पाण्याच्या गाडीत फिरतात. किट लावा, 40 टक्के पेट्रोल-डिझेल वाचवा.’

सातवा पाठवणारा माझा मावसभाऊ, रावेरकडचा केळीवाला. ‘भाऊ, हाई खरं शे का?’ एवढंच त्याने विचारलं. त्याला ते किट, म्हणजे बॅटरीच्या विजेवर पाण्यातून गॅस काढून इंजिनात सोडणारी बरणी, ट्रॅक्टरला बसवायचं होतं आणि विकणाऱ्याने ॲडव्हान्सही मागितला होता. म्हणून हे सविस्तर लिहितोय. मी जळगावात मोटार रिवाइंडिंग करतो. वीज कुठून येते आणि कुठे जाते हे बघण्यातच माझा दिवस जातो.

‘पाणी हे इंधन आहे.’ नाही. सगळ्या गोष्टीचं मूळ इथेच आहे. आपल्याकडे भरताची वांगी पऱ्हाटीच्या जाळावर भाजतात. पऱ्हाटी जळून गेली की खाली राख उरते, आणि त्या राखेवर दुसरं वांगं भाजत नाही. हायड्रोजन जळाला की जे उरतं ते पाणी, म्हणजे पाणी ही हायड्रोजनची राख. तिच्यातून पुन्हा हायड्रोजन काढता येतो, पण जळताना जेवढी ऊर्जा बाहेर पडली तेवढी तरी परत आत घालावीच लागते. व्यवहारात त्याहून जास्तच लागते.

पाण्यातून वीज सोडून हायड्रोजन आणि ऑक्सिजन हे दोन वायू वेगळे करण्याचा प्रयोग निकल्सन आणि कार्लाइल यांनी 1800 साली इंग्लंडमध्ये केला. म्हणजे दोन शतकांहून जुनी गोष्ट आहे, कोणी दडवलेली नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत पोरं करतात.

‘पण पाण्यातून निघालेल्या गॅसची ज्योत तर डोळ्यांनी दिसते!’ दिसते, आणि ती खरीच असते. आपल्या सराफ बाजारात माझ्या ओळखीच्या एका कारागिराकडे पाण्याचं वेल्डिंग मशीन आहे. डबा टीव्हीएवढा, आत पाणी, बाहेर नळी, नळीच्या टोकाला सुईसारखी बारीक ज्योत. मंगळसूत्राच्या वाटीला कडी जोडताना ती ज्योत जेमतेम दोन क्षण टेकवतो आणि डाग, म्हणजे जोडाचा धातू, वितळून चपखल बसतो. सिलिंडर नाही, काजळी नाही. नवखा माणूस बघतच राहतो. पण मशीनच्या मागे जाऊन बघा, जाड काळी वायर भिंतीतल्या प्लगमध्ये गेलेली असते. पाणी फक्त मधला हमाल आहे, माल विजेचा आहे. आणि ती वीज आपल्याकडे दीपनगरला कोळसा जाळून तयार होते. असा कुठलाही व्हिडिओ आला की मी त्यात आधी ती वायर शोधतो.

मोटारसायकलवर ती वायर बॅटरीत जाते. बॅटरी चार्ज करतं मॅग्नेट, म्हणजे इंजिनाला जोडलेला छोटा जनरेटर, मॅग्नेट फिरवतं इंजिन आणि इंजिन चालतं पेट्रोलवर. टाकीत पेट्रोल होतंच, व्हिडिओवाला फक्त टाकीचं झाकण उघडून दाखवत नाही.

आता 40 टक्के बचतीचं बघू. दुकानात एका गिऱ्हाइकाने असं किट लावलेली गाडी आणली होती. क्लॅम्प मीटर लावला तर 12 व्होल्टवर 11 अँपिअर, म्हणजे 132 वॉट. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण 33 मेगाज्यूल ऊर्जा असते. लिटरला 50 किलोमीटर देणारी गाडी ताशी 50 ने चालली तर तासाला एक लिटर जाळते, म्हणजे पेट्रोलमधून इंजिनाला सतत सुमारे 9,000 वॉट मिळत असतात. त्यात किटचे 132, तेही एक कणही वाया न जाता गॅसमध्ये उतरले असं धरून. दीड टक्का. आणि ते 132 वॉट फुकटचे नाहीत, त्याच पेट्रोलमधून निघालेत. इंजिन पेट्रोलमधली पाव ऊर्जा चाकापर्यंत नेतं, मॅग्नेटमध्ये त्यातली निम्म्याच्या आसपास वीज होते, बरणीत त्यातलीही काही तापून जाते, आणि तयार झालेला गॅस पुन्हा त्याच इंजिनात पाव कामाला येतो. या वाटेने घातलेल्या रुपयातले दोन-तीन पैसे परत येतात.

मग लोकांना फरक का जाणवतो? किट बसवताना मेकॅनिक प्लग साफ करतो, कार्ब्युरेटर ट्यून करतो, चाकातली हवा वाढवतो. पैसे घातलेला माणूस महिनाभर ॲव्हरेज मोजत सांभाळून ॲक्सिलरेटर देतो. एवढ्यानेच ॲव्हरेज सुधारतं, आणि त्याला किट लागत नाही.

त्या गिऱ्हाइकाची बरणी मी उघडली होती. पाणी उकळलेल्या चहासारखं तपकिरी, स्टीलच्या प्लेटा खरवडल्यासारख्या झालेल्या. त्याने पाण्यात घरचं मीठ टाकलं होतं. मिठाच्या पाण्यातून वीज गेली की क्लोरीन सुटतो, आणि स्टेनलेस स्टीलमधलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं. ते पाणी त्याने अंगणात ओतायचं ठरवलं होतं. शिवाय हा गॅस म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजन नेमक्या पेटण्याच्या प्रमाणात मिसळलेले. इंजिनाने बॅकफायर केला तर जाळ नळीतून थेट बरणीत, आणि बरणी आपल्या मांडीशेजारी. भुसावळच्या मे महिन्यात, सीटखाली! भावाला मी सगळ्यात आधी हेच सांगितलं.

‘स्टॅन्ली मेयरला मारलं.’ मेयर हा ओहायोचा माणूस, पाण्यावर चालणारी बग्गी दाखवायचा. त्याच्यात पैसे गुंतवलेल्या दोघांनी त्याला कोर्टात खेचलं. तज्ज्ञांनी त्याचं यंत्र तपासलं तर साधं विद्युत अपघटन, म्हणजे वीज सोडून पाणी फोडणं, निघालं. 1996 साली कोर्टाने ही ढळढळीत फसवणूक ठरवली आणि 25,000 डॉलर परत करायला लावले. 1998 मध्ये तो हॉटेलात जेवताना कोसळला. शवचिकित्सेत मेंदूतली रक्तवाहिनी फुटल्याचं आढळलं, विष नाही. त्याची पेटंटं आजही कोणालाही वाचता येतात आणि त्यांची मुदत संपलीय, म्हणजे कोणीही यंत्र बनवू शकतो. मग दाबलं काय?

जपानचं म्हणाल तर जेनेपॅक्स कंपनीने 2008 मध्ये ओसाकात गाडी चालवून दाखवली आणि वर्ष उलटायच्या आत गाशा गुंडाळला. पाण्याशी झटकन झोंबून हायड्रोजन सोडणारे पदार्थ असतात, पण मग झिजतो तो पदार्थ. आपल्याकडचं मिळतंजुळतं उदाहरण कार्बाइडचं. वेल्डिंगवाल्याकडे बघितलं असेल, पाणी पडलं की फसफसून ॲसिटिलीन गॅस सुटतो आणि पेटवला की पेटतो. तिथे इंधन पाणी नाही, कार्बाइड आहे. आणि कार्बाइड बनतं दोन हजार अंशांच्या वीजभट्टीत. इथेही वायर निघालीच.

गडकरी साहेबांची गाडी मात्र खरी आहे, आणि मला ती मनापासून आवडते. 30 मार्च 2022 ला ते टोयोटा मिराईतून संसदेत गेले. पण मिराईत पाणी भरत नाहीत, 700 बार दाबाने साडेपाच किलोच्या आसपास हायड्रोजन भरतात. फ्युएल सेलमध्ये त्याची वीज होते, मोटार चालते आणि सायलेन्सरच्या जागी पाणी टपकतं. पाणी तिथे बाहेर पडतं, आत जात नाही. फॉरवर्ड करणाऱ्याने बाण उलटा काढला. तो एक किलो हायड्रोजन पाण्यातून काढायला 50-55 युनिट वीज लागते, आणि त्यावर मिराई शंभर-सव्वाशे किलोमीटर जाते. तेवढीच वीज साध्या इलेक्ट्रिक कारच्या बॅटरीत भरली तर ती 300 च्या पुढे जाते. हायड्रोजनचं काम आहे, पण ते पोलाद, खत, लांब पल्ल्याचे ट्रक अशा ठिकाणी.

भावाने ॲडव्हान्स दिला नाही. किटवाला त्याला म्हणाला, तुमच्या भावाला जळगावात येऊन दाखवतो. जरूर या. पेट्रोलची टाकी काढून माझ्या दुकानात ठेवा, बॅटरीही ठेवा, पाणी पाहिजे तेवढं घ्या. जळगाव ते अजिंठ्याची लेणी, साठेक किलोमीटर. मी मागे माझ्या गाडीवर असेन.