हे टाकू का?

साधेपणाने राहायला आमच्या घरात कोणाचीच ना नाही. ना आहे ती माळा रिकामा करायला. इंदूरच्या मराठी घरांत अहिल्याबाईंचा दाखला ऊठसूट निघतो: एवढं होळकरांचं राज्य, पण महेश्वरला साध्या पांढऱ्या लुगड्यात राहून कारभार केला! आई हे सांगते तेव्हा ती ज्या ट्रंकेवर बसलेली असते, तिच्यात पांढऱ्याखेरीज सगळ्या रंगांची लुगडी असतात.

वास्तविक पसारा काढायला इंदूरसारखं गाव नाही. 2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर घेऊन बसलेलं शहर. सकाळी गाणं वाजवत गाडी दाराशी येते. तिला सहा कप्पे: ओला, सुका, प्लास्टिक, इलेक्ट्रॉनिक, सॅनिटरी, घातक. ओल्या कचऱ्याचा देवगुराडियाच्या प्लांटमध्ये गॅस होतो आणि त्यावर सिटी बस धावतात. म्हणजे दुधीची सालंसुद्धा इथे मार्गी लागतात. अडकतात त्या फक्त आमच्या माळ्यावरच्या वस्तू, कारण सातवा कप्पा महापालिकेने अजून काढलेला नाही: ‘राहू दे, लागेल कधीतरी’.

माळा आवरण्यात कष्ट असे नाहीतच. शिंका येतात, एखादी पाल अंगावर पडते, एवढंच. खरी परीक्षा जिभेची. ‘हे टाकू का?’ हे तीन शब्द उच्चारले की त्या दिवशी घरात चहा मिळत नाही. म्हणून मी नरमाईने विचारतो, ‘आई, ह्याचं काय करू या?’

‘तुझ्या बाबांनी सियागंजातून आणलं होतं.’

हे उत्तर नसतं, निकाल असतो. ‘पण ह्याला बूड नाहीये’ असं म्हटलं, तर बूड बाबांनाच नव्हतं असा त्याचा अर्थ होतो. सत्य बोलावं, पण अप्रिय सत्य बोलू नये, असं सुभाषित आहे. ते रचणाऱ्याने नक्की त्याच दिवशी माळा काढला असणार.

बायकोच्या रुखवतातला आइस्क्रीमच्या काड्यांचा बंगला खाली आला तेव्हा तर मी श्वासही सोडला नाही. एकतर श्वासाने पडला असता, आणि पडला नसता तर काहीतरी बोलावं लागलं असतं. बायको म्हणाली, ‘अहो, काय बघताय?’ मी म्हटलं, ‘छान आहे.’ बंगला वर गेला.

मग निघाली लोणच्याची चिनीमातीची बरणी. तपकिरी खांदा, पांढरं पोट, काठाला नखाएवढा टवका. टवक्याच्या कडा वापरून वापरून इतक्या गुळगुळीत झालेल्या, की तो कारखान्यातूनच आला असावा असं वाटावं. आईने पदराने धूळ पुसली, टवक्यावरून अंगठा फिरवला. ‘इथूनच तर तेल ओतायला सोपं जातं,’ ती म्हणाली. ह्यावर मला खरंच काही सुचलं नाही. व्यंगालाच कामाला लावलेलं असलं की माणूस वाद कशावर घालणार?

शेवटी सर्वानुमते एकच वस्तू बाद ठरली: मिक्सरचं झाकण. मिक्सर केव्हाच भंगारात गेलेला. आईनेही मान हलवली, जरा उशिराच हलवली, पण हलवली. मी ते घेऊन विजयी मुद्रेने गाडीपाशी गेलो. गाडीवाला पोरगा म्हणाला, ‘भिया, ये तो साबुत है, फेंक क्यों रहे?’ इंदुरात कचऱ्याच्या गाडीवालाही मत देतो, आणि फुकट देतो. मी उत्तर जुळवत होतो तेवढ्यात शेजारच्या काकू हातात ओल्याची बादली घेऊन आल्या. झाकण उलटंसुलटं करून पाहिलं आणि ओरडल्याच, ‘अगं बाई! आमच्या मिक्सरला हेच बसतं! दुकानात मिळत नाही हो ही साइज आता. मी ताट धरून चटणी वाटतेय!’

आई दारातच उभी होती. ती एक शब्द बोलली नाही. मितभाषण म्हणतात ते हेच. शांतपणे आत गेली आणि मी खाली काढून ठेवलेल्या वस्तू एकेक करून माळ्यावर द्यायला सुरुवात केली. वर घ्यायला अर्थातच मी होतो. बूड नसलेलं ते तिने सगळ्यात आधी दिलं.