नदीच्या कुठल्या काठावर माणसं मरतात?

अमेरिका-मेक्सिको सीमेबद्दलचा एक ठरीव दावा गेली कित्येक वर्षं थोड्याफार फरकाने फिरतो आहे. मेक्सिकोतल्या ड्रग टोळ्यांचा रक्तपात सीमा ओलांडून अमेरिकेत उतरला आहे, सीमेलगतची अमेरिकन शहरं युद्धभूमी झाली आहेत, बेकायदा घुसणारे स्थलांतरित फेंटानिल हा जहाल अमली पदार्थ वाहून आणतात, आणि भिंत उभी राहिली तिथे हे सगळं थांबलं, असा त्याचा गोषवारा. भाषणांत हेच, वृत्तवाहिन्यांच्या पट्ट्यांवरही हेच. तपासायला यातलं काहीच अवघड नाही.

आधी युद्धभूमी. टेक्सासमधलं एल पासो आणि मेक्सिकोतलं सिउदाद हुआरेझ या दोन शहरांच्या मध्ये फक्त रिओ ग्रांदे नदी आहे. सिनालोआ आणि हुआरेझ या टोळ्यांची झुंज शिगेला पोचली होती तेव्हा, म्हणजे २०१० साली, हुआरेझमध्ये तीन हजारांहून जास्त खून झाले. त्याच वर्षी एल पासोत किती? पाच. छपाईची चूक नाही. पाच लाखांहून जास्त वस्तीच्या अमेरिकन शहरांच्या एका गाजलेल्या क्रमवारीत त्या वर्षी एल पासो सर्वात सुरक्षित ठरलं होतं.

मग नदी ओलांडून काहीच आलं नाही का? आलं. २०१० च्या जूनमध्ये हुआरेझमधल्या गोळीबारातल्या गोळ्या एल पासोच्या नगरभवनावर आदळल्या, ऑगस्टमध्ये विद्यापीठाच्या इमारतीवर. त्याच्या आदल्या वर्षी टोळीतल्या एका माणसाला एल पासोत त्याच्या घराबाहेरच मारलं. तो अमेरिकन यंत्रणेचा खबऱ्याही होता. टेक्सासमधल्याच लारेडो या सीमेवरच्या शहरात तर २००५-०६ मध्ये झेटास टोळीने पोरसवदा मारेकरी वापरून खून पाडले. हे खरं आहे, लपवायचं कारण नाही. पण या घटना बोटांवर मोजण्याइतक्या राहिल्या त्याला कारण आहे. टोळ्यांचं गिऱ्हाईक उत्तरेला आहे. तिथे धुमाकूळ घातला की पुलांवरची तपासणी कडक होते, माल अडकतो आणि नुकसान टोळीचंच होतं.

एल पासोत अलीकडे झालेलं सर्वात मोठं हत्याकांड ३ ऑगस्ट २०१९ चं. वॉलमार्टमध्ये खरेदीला आलेल्या माणसांवर गोळीबार झाला, त्यात २३ जण गेले. मारेकरी कुठल्या टोळीचा नव्हता की नदी ओलांडून आलेला नव्हता. तो डॅलसजवळच्या गावातून हजारेक किलोमीटर गाडी चालवत आला होता, आणि त्याने लिहून ठेवलेल्या मजकुरात टेक्सासवरच्या ‘हिस्पॅनिक आक्रमणा’चा उल्लेख होता. सीमेचं भयचित्र वर्षानुवर्षं रंगवलं जातं तेव्हा ते कोणाकोणाच्या डोक्यात जाऊन बसतं, हे त्यातून दिसलं.

आता भिंत. फेब्रुवारी २०१९ च्या संसदेपुढच्या भाषणात अध्यक्ष ट्रम्प म्हणाले की एल पासो पूर्वी देशातल्या सर्वात धोकादायक शहरांत गणलं जाई, भक्कम अडथळा उभा राहिल्यावर ते सुरक्षित झालं. तिथले तेव्हाचे महापौर डी मार्गो हे ट्रम्प यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे. एल पासो असं कधीच नव्हतं, असं त्यांनी जाहीर सांगितलं. हा अडथळा म्हणजे सीमेवरचं कुंपण; त्याचा कायदा २००६ चा, एल पासोतलं बांधकाम २००८-०९ चं. तिथली हिंसक गुन्हेगारी १९९३ मध्ये सर्वात जास्त होती आणि कुंपणाचा पहिला खांब रोवण्याच्या कितीतरी आधी ती उतरली होती.

मुंडकी छाटलेल्या प्रेतांची गोष्ट दोन वाक्यांत संपते. २०१० मध्ये ॲरिझोनाच्या गव्हर्नर जॅन ब्रूअर यांनी वाळवंटात शिरच्छेद केलेली प्रेतं सापडल्याचं सांगितलं, सीमाभागातल्या शवचिकित्सकांनी असं एकही प्रेत आलं नसल्याचं सांगितलं, आणि सप्टेंबरमध्ये ब्रूअर यांना विधान मागे घ्यावं लागलं. तोवर निवडणुकीचा हंगाम तापला होता.

फेंटानिलचा मुद्दा सर्वात गंभीर, कारण तिथे मेलेली माणसं खरी आहेत. २०२१ ते २०२३ या प्रत्येक वर्षी अमेरिकेत अमली पदार्थांच्या अतिसेवनाने एक लाखाहून जास्त मृत्यू झाले, त्यातले बहुतेक फेंटानिलसारख्या कृत्रिम ओपिऑइडमुळे, म्हणजे अफूसारखा परिणाम करणाऱ्या पदार्थांमुळे. हा माल मेक्सिकोतूनच येतो, यात वाद नाही. वाद आहे तो वाहणाऱ्याबद्दल. सीमेवर पकडलेल्या फेंटानिलपैकी सुमारे नव्वद टक्के अधिकृत प्रवेशनाक्यांवर आणि वाहन तपासणीच्या ठिकाणी सापडतं. २०२१ मध्ये फेंटानिलच्या व्यापारासाठी शिक्षा झालेल्यांत ८६ टक्के अमेरिकन नागरिक होते. यावर उत्तर येतं की पकडलं गेलं तेवढंच मोजलं गेलं, निसटलेल्याचं काय? शंका रास्त आहे. पण धंद्याच्या बाजूनेही बघा. हेरॉइनपेक्षा पन्नासपट तीव्र असलेला पदार्थ गाडीच्या दाराच्या पत्र्यामागे मावतो. अमेरिकन पासपोर्टवाला चालक नाक्यावरून रोज ये-जा करत असतो. असा माणूस हाताशी असताना, पलीकडे पोचताच गस्तीपथकाच्या स्वाधीन होऊन आश्रय मागणाऱ्याच्या हाती लाखमोलाचा माल कोण देईल?

(२०२५ मध्ये फेंटानिलचं कारण पुढे करून कॅनडाच्या मालावरही आयातकर लादला गेला. २०२४ च्या आर्थिक वर्षात कॅनडाच्या सीमेवर जेमतेम २० किलो फेंटानिल पकडलं होतं, मेक्सिकोच्या सीमेवर नऊ टनांहून जास्त.)

‘मरतात ते सगळे टोळीवालेच’ हे वाक्य दोन्ही काठांवर ऐकू येतं. जानेवारी २०१० च्या अखेरीस हुआरेझच्या व्हिलास दे साल्वार्कार वस्तीत वाढदिवसाच्या कार्यक्रमात शिरून मारेकऱ्यांनी पंधरा जणांना मारलं, त्यात बहुतेक विद्यार्थी होते. मेक्सिकोचे तेव्हाचे अध्यक्ष फेलिपे काल्देरोन यांनी परदेशातून दिलेल्या पहिल्या प्रतिक्रियेत टोळ्यांमधल्या वैराकडे बोट दाखवलं. पुढे ते हुआरेझला आले तेव्हा दोन मुलगे गमावलेल्या एका आईने, तुमचं स्वागत मी करू शकत नाही, असं त्यांना भर सभेत सुनावलं. २००६ च्या डिसेंबरात टोळ्यांविरुद्ध लष्कर उतरवणारे हेच अध्यक्ष. बळी गुन्हेगारच आहेत असं म्हटलं की मोहिमेचा हिशेब द्यावा लागत नाही.

राहिला प्रश्न हिंसा दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते याचा. बंदुका उलट दिशेने वाहतात. मेक्सिकोत कायदेशीर बंदूक मिळणं फार अवघड, ती विकण्याचा अधिकार लष्कराकडे. तिथे जप्त होऊन माग काढण्यासाठी अमेरिकेकडे पाठवलेल्या बंदुकांपैकी सुमारे सत्तर टक्के अमेरिकेतून आलेल्या निघाल्या, असं २००९ ते २०१४ चे आकडे सांगतात. याच काळात ॲरिझोनातल्या अमेरिकन अधिकाऱ्यांनी, टोळ्यांच्या म्होरक्यांपर्यंत पोचता येईल म्हणून, सुमारे दोन हजार बंदुका संशयितांच्या हाती जाऊ दिल्या. डिसेंबर २०१० मध्ये अमेरिकेचाच एक सीमारक्षक मारला गेला तेव्हा त्यातल्या दोन घटनास्थळी सापडल्या.

२०२१ मध्ये मेक्सिकोने अमेरिकन बंदूक कंपन्यांवर खटला भरला. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने मेक्सिकोतल्या सहा टोळ्यांना दहशतवादी संघटना ठरवलं. जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, कंपन्यांनी बेकायदा विक्रीला मदत केल्याचं दाव्यातून पुरेसं दिसत नाही असं म्हणत, तो खटला एकमताने निकालात काढला.