कासवाचे डोळे सुजले म्हणजे काचबिंदू नव्हे

सांगली-मिरजेत सध्या एक मेसेज फिरतोय: ‘कासवाचे डोळे सुजले की डोळ्याचा दाब वाढला समजा, काचबिंदूच तो. माणसांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडून दाब मोजून घ्या, १० ते २१ हवा. जास्त निघाला तर माणसांचेच थेंब घाला. कासव वळवळलं तर उलटं धरा. सापाचा डोळा निळसर झाला तरी हेच.’ मी जनावरांची डॉक्टर. थेंब घालून झालेली कासवं माझ्याकडे येऊ लागलीत, म्हणून लिहितेय.

आधी सूज. परवा विश्रामबागेतल्या एक आजी तळहाताएवढं लाल कानाचं कासव डब्यातून घेऊन आल्या. दोन्ही डोळ्यांच्या जागी वाटाण्यासारखे फुगवटे. ओल्या कापसाने पापणी हळूच उघडली, तर आतून दह्याच्या कवडीसारखा पांढरा गोळा निघाला आणि त्याखाली बुबुळ अगदी स्वच्छ. सुजली होती ती पापणी, डोळा नव्हे. खायला काय घालता विचारलं, तर वर्षभर फक्त डब्यातली वाळकी कोळंबी. अ जीवनसत्त्व कमी पडलं की अश्रुग्रंथींच्या नळ्यांचं अस्तर राठ होतं, त्याचा चोथा साचतो आणि नळ्या तुंबतात. पाळीव पाणकासवांत सूज बहुतेकदा याचीच. दाबाच्या थेंबांचा इथे काय उपयोग? पण म्हणून घरच्या घरी अ जीवनसत्त्वाचं इंजेक्शनही नको. ते जास्त झालं तर कासवाची कातडी सोलवटून निघते.

कासवाला काचबिंदू होतच नाही, असं मी म्हणत नाही. पण मग डोळाच मोठा आणि धुरकट दिसतो.

‘१० ते २१’ हा आकडा माणसाचा, मिलिमीटर पाऱ्यात. लॉगरहेड या समुद्री कासवात दाब साधारण ५ भरतो. जमिनीवरच्या काही कासवांत बराच जास्त. म्हणजे ज्याचा नेहमीचा दाब ५, त्याचा १८ झाला तरी हा मेसेज ‘ठीक आहे’ म्हणणार! मोजायचा कसा, हेही महत्त्वाचं. आम्ही वापरतो त्या यंत्रातून बारीक सळई बुबुळावर हलकेच आपटून परत येते. ती किती झपाट्याने मागे फिरली, यावरून दाब कळतो. यंत्रातली मापं कुत्रा, मांजर, घोडा यांच्यासाठी बसवलेली, कासवासाठी नाही. माप बदललं की आकडाही बदलतो.

उलटं धरणं तर सर्वांत वाईट. डोकं खाली गेलं की लॉगरहेडचा दाब कित्येक पटींनी चढतो. मान आवळली तरी तेच. म्हणजे आजार आपणच तयार करायचा आणि आपणच मोजायचा.

थेंबांचं मला खरंच भय वाटतं. काचबिंदूच्या थेंबांत असणारं टिमोलॉल हे औषध हृदयाचे ठोके मंदावतं. माणसासाठी मापलेला थेंब शंभर ग्रॅमच्या जिवाला किती मोठा, विचार करा.

साप वेगळाच. शिराळ्याकडच्या जुन्या सर्पमित्रांना हे सांगायला नको: कात टाकण्याआधी डोळा दुधी होतो आणि आपोआप निवळतो. सापाच्या डोळ्यावर पापण्या जुळून झालेली पारदर्शक काच असते. यंत्राची सळई त्या काचेवर आपटते, बुबुळावर नाही. थेंबही बाहेरच राहतो.

चांदणी कासव किंवा कृष्णेतलं कासव घरात असेल, तर ते पाळणं गुन्हा आहे. वनखात्याला १९२६ वर कळवा.

थेंब आधीच घातले असतील तर लपवू नका. कासवाबरोबर ती बाटलीही घेऊन या. कोणतं औषध, किती वेळा घातलं, हे कळलं तर पुढचं ठरवता येतं.