आधी भूप की आधी परकी गाणी? एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

शाळेच्या समूहगानात जपानी, झुलू (दक्षिण आफ्रिकेतली भाषा), कन्नड गाणी बसवावीत, या माझ्या लेखावर आपण लिहिलंत: ‘शेजारी मिरजेत तंबोरे घडतात आणि आमची सांगलीची पोरं परकी गाणी पोपटासारखी म्हणणार! आधी भूप राग तरी नीट येऊ दे.’

पोपटपंचीबद्दलचं म्हणणं पूर्ण मान्य. शब्दांचा अर्थ आणि गाणं कधी म्हणतात, लग्नात, शेतात की मयताला, हे शिक्षकाला सांगता येत नसेल तर ते गाणं घेऊच नये. पण भूप बाजूला ठेवून ही गाणी येतच नाहीत.

एकत्र दोन सूर लावणं मुलांना अवघड जातं, कारण आपलं गाणं एका सुराचं. तीस मुलं असतील तर दहा जणांनी नुसता सा धरावा, श्वास आळीपाळीनं घ्यावा. उरलेल्या वीस जणांनी ओवी म्हणावी. ते स्थिरावलं की भूपाच्या सरगमीची फेरी: दुसरा गट एक आवर्तन मागून येतो. भूपच का? म आणि नी नाहीत, त्यामुळे मागेपुढे पडलेले स्वर एकमेकांना फार खात नाहीत. खरा दुसरा आवाज, म्हणजे मूळ चालीसोबत गायची वेगळी चाल, त्यानंतर, आणि तो सगळ्यांना आधी शिकवायचा; मूळ चाल काय, कानावर पडून येतेच.

या वेळी पेटी बंद. पेटीवर मूळ चाल वाजली की दुसऱ्या गटाचे कान तिकडे ओढले जातात. शिवाय पेटीचा शुद्ध गंधार (ग) तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (पेटीच्या लागोपाठच्या दोन पट्ट्यांतलं अंतर १०० सेंट) चढा असतो, त्यामुळे सा-ग एकत्र लावले की घासतात. मिरजेचा तंबोरा हवा तो इथे!

पट्टीही बघा. आठ ते बारा वर्षांच्या मुलांना पेटीच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी एकपासून वरच्या पांढरी दोनपर्यंत आरामात गाता येतं. मंद्र पंचमापासून (खालच्या सप्तकातला प) मधल्या धैवतापर्यंतचं (ध) गाणं पांढरी चारमध्ये, म्हणजे तिथे सा धरून, घ्यावं. तेच काळी एकमध्ये घेतलं की खाली नुसती पुटपुट ऐकू येते.

जपानच्या बऱ्याच जुन्या गाण्यांत सा, कोमल रे, म, प, कोमल ध एवढेच स्वर, म्हणजे आपल्या गुणक्री रागाचेच. चाल पटकन बसते, बिघडतं नंतर. सवयीनं मुलं रे-धवर आंदोलन घेतात (स्वर हळू झुलवतात), मवरून मींड ओढतात (घसरत दुसऱ्या स्वरावर जातात) आणि त्याची बंदिश होऊन बसते. स्वर सरळ लावायला सांगावं लागतं. स्वर तेच, तरी गाणं वेगळं का, हे त्या तासाला मुलांना जेवढं कळतं तेवढं फळ्यावर लिहून कळत नाही.

झुलूत जिभेचे तीन टिचके आहेत. रोमन लिपीत ‘सी’ लिहितात तो आपला हळहळीचा ‘च्च’. ‘एक्स’ म्हणजे बैल हाकताना गालाच्या कडेनं काढतात तो. ‘क्यू’साठी जीभ टाळूला चिकटवून खाली आपटायची, बूच उडाल्यासारखा ‘टॉक्’ येतो. कागदावर च-क लिहून दिलं की मुलं च-कच म्हणतात. त्या जागी टिंब, फुली, गोल काढावा.

आणि परकं म्हणजे फार लांबचं असंही नाही. कन्नडमध्ये ए आणि ओ ऱ्हस्व-दीर्घ दोन्ही असतात. मराठी मुलं सगळेच लांबवतात आणि ठेका ढळतो. वर्गात जतकडचं कानडी बोलणारं मूल असेल तर पहिल्या दिवशी शब्द त्यालाच वाचायला सांगा, बाकीच्यांनी त्याच्यामागून म्हणायचे.